लक्ष्मणराव किर्लोस्कर : नेमक्या जोडणीचा ध्यास

महाराष्ट्राच्या शेतशिवारात नांगर, चरक, पंप आणि तेलावर चालणारे इंजिन या चारही वस्तूंवर एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. ते नाव म्हणजे किर्लोस्कर. या नावामागे उभे असलेले लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर आद्य मराठी कारखानदार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. माळरानावर वसवलेली किर्लोस्करवाडी, खपत नसलेला लोखंडी नांगर आणि औंधच्या राजेसाहेबांचा आधार या कथाही शालेय पुस्तकांपासून स्मरणिकांपर्यंत अनेकदा सांगितल्या गेल्या आहेत. त्यांच्या कर्तृत्वाची एक बाजू मात्र फारशी विचारात घेतली जात नाही. यंत्र म्हणजे सुट्या भागांची जोडणी. ती जोडणी टिकली तरच यंत्र टिकते, आणि यंत्र टिकले तरच ते करणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो. बेळगावच्या दुकानातील सायकलीपासून पुण्याजवळच्या खडकीतील तेल-इंजिनापर्यंत किर्लोस्करांच्या कारखानदारीचा जो प्रवास झाला, तो या दृष्टीने पाहिला तर नट-बोल्ट नेमका आवळण्याच्या शिस्तीचाही इतिहास ठरतो.

चित्रकलेकडून यंत्रकलेकडे

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. घरात विद्येचे आणि वेदान्ताचे वातावरण होते. या मुलाचे मन मात्र पाठांतरात रमेना. त्याला ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. वडिलांची नाराजी असतानाही थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांच्या पाठिंब्याने ते १८८५ मध्ये मुंबईला आले आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी एक विलक्षण अडचण पुढे आली. काही रंगांतील फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नसे. चित्रकाराच्या आयुष्याचा मार्ग तिथेच बंद झाला.

रंग सुटले, रेषा मात्र सुटली नाही. त्यांनी यांत्रिक आरेखनाचा अभ्यास केला. १८८७ मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजेच आजची व्हीजेटीआय, तेव्हा भायखळ्यात होती. तेथे लक्ष्मणरावांना यांत्रिक आरेखनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून नोकरी मिळाली. शिकवण्याच्या जोडीने त्यांचा बराचसा वेळ संस्थेच्या कार्यशाळेत जाऊ लागला. वाफेचे यंत्र कसे चालते, भट्टीत ओतकाम कसे होते, लेथवर आटे कसे पाडतात, हे सारे त्यांनी पाहून आणि हाताने करून आत्मसात केले.

यांत्रिक आरेखनात सुंदर दिसण्याला किंमत नसते, मापाला असते. एखादे भोक कागदावर किती व्यासाचे दाखवले आहे यावर त्यात कोणता बोल्ट बसणार हे ठरते. त्या काळी हिंदुस्थानातील बहुतेक कार्यशाळांत इंग्रजी मापांचे राज्य होते. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४१ मध्ये आट्यांचा कोन आणि दर इंचातील आट्यांची संख्या ठरवून दिली होती. तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचा बोल्ट त्याच कारखान्याच्या नटात बसे. व्हिटवर्थच्या पद्धतीमुळे एका गावचा बोल्ट दुसऱ्या गावच्या नटात बसू लागला. मराठी मिस्त्रींनी ही पद्धत आपल्या बोलीत सामावून घेतली. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि चार सुती बोल्ट म्हणजे अर्ध्या इंचाचा, ही भाषा आजही जुन्या गॅरेजमध्ये ऐकू येते.

व्हीजेटीआयमधील नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. अपमान गिळून तेथेच राहण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

सायकलीचे दुकान

बेळगावात रामूअण्णांच्या साथीने सायकलविक्रीचा धंदा आधीपासूनच सुरू होता. किर्लोस्कर ब्रदर्स आपल्या प्रारंभाचे वर्ष १८८८ मानते, ते याच धंद्यामुळे. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत. नोकरी सुटल्यावर लक्ष्मणराव स्वतःच दुकानात येऊन उभे राहिले. सायकल तेव्हा श्रीमंतांची हौस होती. ती विकणाऱ्याला तिची जोडणी आणि दुरुस्तीही करावी लागे.

आज सायकल फार साधी वस्तू वाटते, पण नट किती आवळावा याचा पहिला धडा तीच देते. चाकाच्या आसावरचा कोन थोडा अधिक घट्ट झाला तर छर्रे रगडले जातात आणि चाक जड फिरते. तो थोडा सैल राहिला तर चाक डुगडुगते आणि काही दिवसांत कोन व वाटी दोन्ही खराब होतात. या दोन टोकांच्या मधली जागा शोधायची, ती हलू नये म्हणून वरून दुसरा नट कसायचा आणि चाक पुन्हा फिरवून पाहायचे. हे काम ताकदीचे नसून अंदाजाचे आणि सवयीचे आहे. सायकल विकणारा, जोडणारा आणि दुरुस्त करणारा माणूस एकच असला की जोडणीतील चूक आठवड्याभरात त्याच्याच दारात परत येते.

याच सुमारास पवनचक्क्यांच्या विक्रीचे कामही त्यांनी केले. त्यांचे मन मात्र दुसऱ्याच्या मालाच्या विक्रीत फार काळ रमले नाही. या देशातील बहुसंख्य लोक शेतीवर जगतात, आणि त्यांच्या हातातील अवजारे शेकडो वर्षांत फारशी बदललेली नाहीत. यंत्र करायचे तर ते शेतकऱ्यासाठी, हा विचार त्यांच्या मनात पक्का होत गेला.

कडब्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर

किर्लोस्करांच्या कारखान्यातून बाहेर पडलेले पहिले महत्त्वाचे यंत्र म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र. जनावरांपुढे अख्खा कडबा टाकला तर बराचसा वाया जातो, आणि बारीक करून दिला तर वैरण पुरून उरते. यंत्राची रचना सोपी असते. एका जड चाकाला पाती बोल्टने बसवलेली असतात, आणि चाक फिरले की ती कडब्यावरून कात्रीसारखी जातात. पाते आणि तोंडाची पट्टी यांतील अंतर बोल्टने जुळवावे लागते. बोल्ट सैल पडला तर पाते पट्टीवर आदळते किंवा निखळून उडते. सायकलीच्या कोनातील चुकीने चाक बिघडत असे, या बोल्टातील चुकीने माणसाची बोटे जाऊ शकत होती.

त्यानंतर आला लोखंडी नांगर. परदेशी नांगराच्या धर्तीवर बनवलेला हा नांगर जमीन खोल उलथत असे. तणाची मुळे वर येत आणि पावसाचे पाणी मातीत मुरे. गुण इतके उघड असूनही गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांत समजूत होती. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली. भांडवल माल होऊन पडून राहिलेले, कामगारांचे पगार चालू आणि घरात काटकसर, अशी ती दोन वर्षे होती. अखेर जोशी नावाच्या एका शेतकऱ्याने सहा नांगर घेतले आणि कोंडी फुटली.

शेतकऱ्याच्या अविश्वासाला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, परंतु त्यात व्यवहाराचे शहाणपणही होते. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तासाभरात नीट करून देई. ओतीव लोखंडाचा नांगर ऐन पेरणीच्या तोंडावर मोडला तर काय करायचे? त्याचे उत्तर सुट्या भागांत होते. नांगराचा जमिनीत घुसणारा भाग झिजणारच, तेव्हा झिजलेला भाग उतरवून तेथे नवा बसवता आला पाहिजे. कारखान्यातून आज निघालेला भाग दोन वर्षांपूर्वी विकलेल्या नांगरावरही तंतोतंत बसला पाहिजे. भोकांची मापे एकसारखी असतील आणि बोल्ट प्रमाण मापाचा असेल, तर ज्याने आयुष्यात कारखाना पाहिलेला नाही असा शेतकरीही बांधावर बसून एका पान्याने नांगर पुन्हा उभा करू शकतो. आरेखनाच्या शिक्षकाने कागदावर जपलेली मापे आता मातीत उतरली होती.

कुंडल रोडचा माळ

धंदा मूळ धरू लागला तोच नवे संकट आले. बेळगावजवळच्या ठळकवाडी येथील कारखान्याची जागा नगरपालिकेने मागितली. वर्षानुवर्षांच्या कष्टाने उभारलेली भट्टी आणि यंत्रे घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न होता. अशा वेळी औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. संस्थानात हवी ती जागा निवडण्याची मुभा आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी देऊ केले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन निवडली. ती होती निवडुंगाने भरलेली, सापांनी वेढलेली आणि पाण्याचा ठणठणाट असलेली. जमेची बाजू एकच, ती म्हणजे रेल्वेचे सान्निध्य. कोळसा व बिडाचे लोखंड आणायला आणि तयार माल पाठवायला रुळांसारखा दुसरा मार्ग नव्हता. १० मार्च १९१० रोजी कामाला आरंभ झाला. पुढे स्थानकाचेच नाव किर्लोस्करवाडी झाले.

या माळावर जमलेली माणसे हा लक्ष्मणरावांच्या चरित्राचा सर्वांत चित्तवेधक भाग होय. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी, अनंतराव फळणीकर यांपैकी कोणीही नावाजलेल्या पदव्या घेऊन आलेला नव्हता. शिक्षण अर्धवट राहिलेले तरुण येथे येऊन यंत्रज्ञ झाले, हिशेबनीस झाले, विक्रीचे काम सांभाळू लागले. रामूअण्णांनी वसाहतीची घडी बसवली. शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्या हाती रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी देण्यात आली, आणि ती त्यांनी निष्ठेने पार पाडली. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. ज्या काळात विहिरीवरचे पाणीही जातीने वाटलेले होते, त्या काळातील ही गोष्ट आहे.

माणसांवर टाकलेल्या या विश्वासाचा संबंध थेट कारखान्यातील कामाशी येतो. यंत्राची जोडणी पूर्ण झाली की आतले बोल्ट दिसेनासे होतात. कोणता नीट कसला आहे आणि कोणता संध्याकाळच्या भोंग्याच्या घाईत तसाच सोडला आहे, हे बाहेरून पाहणाऱ्याला कधीच कळत नाही. ते ठाऊक असते फक्त कसणाऱ्याला. म्हणून कारखानदाराला यंत्रांइतकीच, किंबहुना अधिक, गरज असते ती कोणी पाहत नसतानाही काम पुरे करणाऱ्या माणसांची. किर्लोस्करवाडीने जे घडवले त्यात नांगरांइतकाच या माणसांचा वाटा मोठा आहे.

पहिल्या महायुद्धात लोखंड, कोळसा आणि रंग यांची आयात आटली. तेव्हा कारखान्यात घरचा रंग तयार झाला, कोळशाऐवजी लाकूड जाळले गेले, आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्याने जुन्या तोफा वितळवून त्यांचे नांगर झाले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स मर्यादित कंपनी म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेल्या नियतकालिकाने मराठी वाचकांच्या जगातही हे नाव नेले.

पंपापासून इंजिनाकडे

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कारखान्याने पंपांच्या निर्मितीत पाऊल टाकले. पंपाने जोडणीच्या कलेचा आणखी एक धडा दिला. जेथे दांडा पंपाच्या पेटीतून बाहेर येतो, तेथे पाणी गळू नये म्हणून दोरीसारखे पॅकिंग भरतात आणि ग्लँडचे नट आवळून ते दाबतात. नवखा माणूस गळती पूर्ण थांबेपर्यंत नट पिळतो. त्यामुळे पॅकिंग कोरडे पडून तापते आणि दांड्यावर खोल चरा पडतो. जाणता मिस्त्री थेंब थेंब पाणी झिरपेल इतकेच आवळतो, कारण तेच पाणी पॅकिंगला थंड ठेवते. घट्ट म्हणजे चांगले, हा समज किती फसवा आहे हे पंप दाखवून देतो.

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. पुढच्या काळात कारखान्यात लेथ यंत्रे तयार होऊ लागली. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा यंत्रनिर्मितीचा कारखाना उभा राहिला. आटे पाडणारे यंत्रच आता घरचे झाले. १९४६ मध्ये बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला, आणि त्याच वर्षी पुण्याजवळ खडकीत किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली.

ज्या विहिरीपर्यंत विजेची तार पोचली नव्हती, तेथे पंप फिरवण्यासाठी डिझेल इंजिनाखेरीज उपाय नव्हता. नागपूरच्या संत्र्याच्या बागांपासून कृष्णाकाठच्या उसापर्यंत इंजिनाचा तो ठराविक ठोका पुढे ओळखीचा झाला. आज बेसा परिसरात जेथे गृहसंकुले उभी आहेत तेथे काही दशकांपूर्वी शेते होती, आणि विहिरीचे पाणी वर काढण्याची चिंता तेथील शेतकऱ्यालाही होती.

कनेक्टिंग रॉडचे दोन बोल्ट

इंजिन म्हणजे जोडणीची खरी परीक्षा. सिलिंडरमध्ये वरखाली होणारा दट्ट्या आणि गोल फिरणारा क्रँक यांना सांधणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. त्याचे खालचे टोक क्रँकभोवती बसवता यावे म्हणून दोन भागांत केलेले असते, आणि खालची टोपी बहुधा दोन बोल्टनी वरच्या भागाला जोडलेली असते. साऱ्या इंजिनाचा जीव या दोन बोल्टांत असतो.

किर्लोस्करांचे पुढे खेडोपाडी पोचलेले पाच अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला २५ फेरे, आणि तेवढ्यात दट्ट्या ५० वेळा थांबून दिशा बदलतो. वरच्या टोकाला पोचलेला दट्ट्या तसाच वर जाऊ पाहतो, आणि त्याला खाली खेचून आणावे लागते. त्या क्षणी तो आपल्या वजनाच्या दीडशेपटीहून अधिक जोराने टोपीचे बोल्ट ताणतो. इंधन पेटण्याच्या वेळी वायूचा दाब हा ताण झेलतो. धूर बाहेर टाकून संपतानाच्या फेऱ्यात मात्र तसा आधार नसतो, आणि सगळा भार बोल्टांवर येतो. असे तासाला ४५ हजार वेळा घडते. आठ तास पाणी उपसले तर साडेतीन लाखांहून अधिक झटके होतात.

हे झटके बोल्ट सहन करतो ते त्याच्या जाडीमुळे नव्हे. नेमका आवळलेला बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. तो टोपीला दांड्यावर इतक्या जोराने दाबून धरतो की बाहेरचा झटका आला तरी सांधा उघडत नाही, आणि बोल्टातील ताण फारसा बदलत नाही. तोच बोल्ट सैल राहिला तर प्रत्येक झटक्याला तो ताणला जातो आणि सैलावतो, आणि वारंवार वाकवलेल्या तारेसारखा एक दिवस तुटतो. अति आवळला तर तो आपली लवचीकता गमावून कायमचा लांबतो, आणि त्याची पकड जाते. दोन्ही चुकांचा शेवट एकच असतो. सुटलेला दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो.

म्हणून इंजिन खोलून पुन्हा बांधताना जाणते मिस्त्री काही पथ्ये कटाक्षाने पाळतात. प्रत्येक टोपी ज्या दांड्याची त्यालाच, आणि खुणा जुळवून त्याच बाजूने बसवायची. आटे धुऊन स्वच्छ करायचे, आणि उत्पादकाने सांगितले असेल तेच तेल लावायचे. पान्यावर लावलेल्या जोरातील सुमारे नऊ दशांश भाग आटे आणि बोल्टाचे डोके यांच्या घर्षणातच खर्च होतो, जेमतेम एक दशांश भागाने बोल्ट ताणला जातो. त्यामुळे गंजलेला बोल्ट आणि तेल लावलेला बोल्ट यांवर टॉर्क पान्याचा आकडा एकच आला तरी प्रत्यक्ष पकड वेगळी असते. दोन्ही बोल्ट आलटून पालटून टप्प्याटप्प्याने आवळायचे. जेथे कोनाचे माप दिले असेल तेथे शेवटी तेवढा कोन फिरवायचा. जे बोल्ट एकदाच वापरायचे असतात ते पैसे वाचवण्यासाठी पुन्हा घालायचे नाहीत. प्रत्येक टोपी कसल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहायचा, आणि तो अडला तर थांबून कारण शोधायचे.

शेतातील संथ इंजिनापेक्षा बोटीच्या मागे लावायच्या वेगवान इंजिनाला ही पथ्ये अधिकच लागू पडतात. तेथे मिनिटाला पाच-सहा हजार फेरे सर्रास होतात, आणि दट्ट्याची चाल तेवढीच ठेवून वेग चौपट केला तर बोल्टावरचा ताण सोळापट होतो. कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमाराच्या होडीला हेच इंजिन घरी परत आणते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपुरातही सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीला पूर आला, तेव्हा सखल वस्त्यांत अडकलेल्यांना सोडवण्यासाठी बचाव पथकांना बोटी उतरवाव्या लागल्या. अशा वेळी वाहत्या पाण्यात इंजिन बंद पडले तर दुरुस्तीला जागाही नसते आणि वेळही नसतो. बोटीतील माणसांचा जीव काही महिन्यांपूर्वी कुठल्या तरी कार्यशाळेत कोणी तरी शांतपणे आवळलेल्या बोल्टांवर अवलंबून असतो.

राखेतून पुन्हा उभारणी

लक्ष्मणरावांच्या आयुष्याच्या उत्तरार्धात एक मोठा आघात झाला. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ च्या फेब्रुवारीत उसळलेल्या दंगलीची झळ किर्लोस्करवाडीलाही बसली. जमावाने कारखान्याला आग लावली. जेथे जातीचा भेद पुसून माणसे एकत्र राबली होती, त्याच वसाहतीवर जातीच्या नावाने हल्ला व्हावा, हा दैवदुर्विलास होता. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. एवढ्या वयात उभ्या आयुष्याचे काम जळताना पाहणे किती यातनादायक असेल याची कल्पनाच करावी. तथापि कारखाना पुन्हा उभा राहिला. यंत्रे जळाली तरी ती जोडणारे हात आणि त्या हातांतील शिस्त शिल्लक होती.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. योगायोग असा, की त्याच वर्षाच्या अखेरीस देशात मेट्रिक मापांचा कायदा झाला. इंच आणि सूत हळूहळू मागे पडले, आणि मिस्त्रींच्या पेट्यांत नव्या मापाचे पाने आले. २० जून १९६९ रोजी त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

वारसा

लक्ष्मणरावांच्या हयातीतील मोठा लढा बाजारपेठेशी नव्हता, तर एका समजुतीशी होता. यंत्र करावे ते साहेबाने, आपल्या माणसाच्या हातून नेमके काम होत नाही, असे परकीयांनाच काय, स्वकीयांनाही वाटत असे. व्हीजेटीआयमध्ये नाकारलेल्या बढतीमागेही हीच समजूत होती. लोखंडाने जमीन नासते हा भ्रम पहिला नांगर विकला गेल्यावर ओसरू लागला. देशी माणसाच्या कामावरचा अविश्वास घालवायला त्याहून फार अधिक काळ लागला. भाषणांनी तो गेला नसता. झिजलेल्या भागाच्या जागी नवा भाग तंतोतंत बसला, पंप वर्षानुवर्षे कुरकुर न करता चालला, इंजिनाने ऐन हंगामात दगा दिला नाही, असा अनुभव हजारो शेतकऱ्यांना आला तेव्हा कुठे तो कमी झाला.

आज यंत्रमानव बोल्ट आवळतात आणि संगणक त्यांची नोंद ठेवतो. परंतु कारखान्यातून बाहेर पडलेले प्रत्येक इंजिन कधी ना कधी खोलले जाते, आणि मग ते पुन्हा बांधण्याचे काम येते कुठल्या तरी आळीतील, कुठल्या तरी पत्र्याच्या छपराखालच्या मिस्त्रीकडे. त्याच्या हाती टॉर्क पाना असेल की नाही, नवे बोल्ट घेण्याइतके पैसे गिऱ्हाईक देईल की नाही, संध्याकाळपर्यंत इंजिन हवेच असा तगादा त्याच्यामागे असेल की नाही, यावर पुढचे सारे ठरते. पदवी नसलेल्या तरुणांतून कुशल यंत्रज्ञ घडतात, हे लक्ष्मणरावांनी शतकापूर्वी दाखवून दिले. त्यांना योग्य साधने, पुरेसा वेळ आणि कामाचा मान मिळावा, ही जबाबदारी मात्र आता यंत्र वापरणाऱ्या समाजाची आहे.